तेरा वर्षांच्या संगणकात एक्सपीला भाड्याने खोली द्यावी का?

अक्षरजुळारी

नमस्कार. मी सांगलीत पंचवीस वर्षे अक्षरजुळणी आणि पानांच्या मांडणीची कामे केली आणि आता निवृत्त आहे. घरात दोन संगणक आहेत. पहिला पेंटियम ४, त्यात ५१२ एमबी रॅम आणि विंडोज एक्सपी. त्यावर पेजमेकर ७ आणि मराठी टंकांचे एक जुने सॉफ्टवेअर आहे, जे यूएसबीमध्ये खोचायच्या लॉकशिवाय उघडत नाही. एका दिवाळी अंकाच्या १९९९ ते २०१३ पर्यंतच्या सगळ्या फायली याच संगणकावर आहेत. मागच्या महिन्यात कॅबिनेट उघडले, तेव्हा मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर भाकरीसारखे फुगलेले दिसले. हे यंत्र आता फार दिवसांचे सोबती नाही.

दुसरा संगणक २०१२ साली असेंबल करून घेतला: आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्ययावतने थांबली आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारातही उभे करत नाही. भाचा म्हणतो, "मामा, लिनक्स मिंट टाका आणि त्यात व्हर्च्युअल मशीन करून एक्सपी ठेवा." म्हणजे बाहेर लिनक्स ही प्रणाली, तिच्या आत सॉफ्टवेअरने केलेला आभासी संगणक आणि त्यात एक्सपी: दोन्ही जुनी दुखणी एकाच डब्यात.

माझा प्रश्न असा, की इतक्या जुन्या संगणकाला हे झेपेल का? झेपत असेल तर खर्च नेमका कशावर करावा? की हा नाद सोडून नवीन संगणकच घ्यावा?

रॅमराव

४ जीबीत पाहुणा (आतले एक्सपी) बोलावलात, तर पाहुणा उपाशी आणि यजमानही (बाहेरचे लिनक्स) उपाशी. आधी रॅम वाढवा.

कोथरूडचा_कर्नल

काका, झेपेल. मात्र 'झेपेल का' या प्रश्नाचे तीन वेगळे प्रश्न करावे लागतात आणि बहुतेक लोक त्यांतल्या चुकीच्या प्रश्नाची काळजी करत बसतात.

पहिला प्रश्न प्रोसेसरचा. व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरमध्येच आधार लागतो. इंटेलच्या बाबतीत त्याला व्हीटी-एक्स म्हणतात आणि तो २००५ च्या अखेरीस आला. एएमडीने आपला एएमडी-व्ही २००६ मध्ये आणला. तुमच्या आय३-२१०० मध्ये व्हीटी-एक्स आहे. शिवाय पाहुण्याच्या मेमरीचे पत्ते यजमानाच्या पत्त्यांशी जुळवण्याचे काम हार्डवेअरवर सोपवणारी ईपीटी नावाची सोयही आहे. ती इंटेलमध्ये २००८ च्या नेहालेम पिढीपासून आली. तिच्याआधीच्या कोअर २ ड्युओवर व्हर्च्युअल मशीन चालते, पण हे जुळवणीचे काम सॉफ्टवेअरला करावे लागत असल्याने धाप लागते. तुमचा संगणक त्या रेषेच्या अलीकडच्या, म्हणजे सुदैवी बाजूला आहे. दोन कोअर आहेत. एक्सपीला एकच द्या. चार धागे (थ्रेड, म्हणजे एका कोअरचे दोन भासणारे) दिसतात म्हणून चारही देऊ नका. पाहुण्याला सगळ्या चाव्या दिल्या, की यजमानाला स्वतःच्याच स्वयंपाकघराबाहेर ताटकळावे लागते.

दुसरा प्रश्न मेमरीचा. रॅमराव, येथे मी थोडा असहमत आहे. एक्सपीला ५१२ एमबी पुरते, पेजमेकर धरून ७६८ दिली तर तो ऐषारामात राहील. मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती सुरू झाल्यावर साधारण एक जीबीच्या आतबाहेर मेमरी घेते. म्हणजे ब्राउझर बंद ठेवला तर ४ जीबीतही काम होते. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडे ठेवून करायचे असेल, तर होत नाही.

तिसरा आणि खरा प्रश्न हार्ड डिस्कचा, ज्याचा उल्लेख आतापर्यंत कोणीच केलेला नाही. ७२०० फेऱ्यांची डिस्क विखुरलेल्या जागी सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचन-लेखने करू शकते. तीवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकाच वेळी आपापल्या फायली मागू लागल्या, की डिस्कचा तो एकुलता एक काटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळत राहतो. लोक अशा वेळी 'प्रोसेसर जुना झाला' असे म्हणतात. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडण्याच्या मार्गाचा) वेग ३ गिगाबिटच आहे, त्यामुळे एसएसडीचा (फिरती तबकडी आणि काटा नसलेल्या डिस्कचा) पूर्ण वेग मिळणार नाही, पण तुम्हाला हवा आहे तो सरळ रेषेतला वेग नसून काट्याची धावपळ थांबणे, आणि ते पहिल्या दिवसापासून जाणवते.

म्हणून पहिला रुपया एसएसडीवर, दुसरा रॅमवर आणि प्रोसेसरवर एकही नाही.

म्हापशेकर

वरील प्रतिसादातील कोअर २ ड्युओच्या उल्लेखावरून सांगतो. गोव्यातील एका शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल मी काही वर्षे केली. तेथे जी३१ बोर्डांचे बारा संगणक होते. या चिपसेटची कमाल मर्यादाच ४ जीबी, तेही डीडीआर२. मुलांना लिनक्स शिकवण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) घालायचे ठरले, तेव्हा कळले की काही संगणकांवर ६४-बिट पाहुण्यांचा पर्यायच यादीत दिसत नाही. सगळे संगणक एकाच खरेदीतले, प्रोसेसरवरचे नावही ई७५०० हेच. चिपवरचा बारीक छापलेला कोड वाचल्यावर उलगडा झाला: त्याच नावाच्या सुरुवातीच्या चिपांमध्ये व्हीटी-एक्स नव्हते आणि नंतरच्यांमध्ये होते. एकाच आईची लेकरे, एक शिकलेले, एक न शिकलेले.

व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून, हा हार्डवेअर आधार नसलेल्या प्रोसेसरवर ते चालतच नाही. त्याआधीच्या आवृत्त्या ३२-बिट पाहुण्याला निव्वळ सॉफ्टवेअरच्या कसरतीने कसेबसे पेलत असत. त्यामुळे याहून जुन्या संगणकाचे मालक हा धागा वाचत असतील, तर त्यांनी काही विकत घेण्यापूर्वी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्यावी. व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत काहीच आले नाही, तर आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पाहावे आणि तेथेही तो पर्याय नसेल तर हात जोडावेत.

पैपैचा_हिशेब

मला हा सगळा खटाटोप भावनिक वाटतो. स्पष्ट बोलतो, राग नसावा. एसएसडी घ्या, रॅम घ्या, शनिवार-रविवार घालवा आणि शेवटी हातात काय, तर तेरा वर्षांचा बोर्ड, ज्याचे कपॅसिटरही उद्या फुगतील. कार्यालयांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे छोटे संगणक आज बाजारात सहज मिळतात. जुना डेस्कटॉप नुसता बसून ५० वॅट खात असेल आणि तो चोवीस तास चालू ठेवलात, तर महिन्याला ३६ युनिट होतात. छोटा संगणक त्याच्या चौथाईत भागवतो.

कोथरूडचा_कर्नल

हिशेब बरोबर आहे, पण काका तो चोवीस तास चालवणार नाहीत. घरी सर्व्हर ठेवायचा असेल तर तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आठवड्यातून चार संध्याकाळी दोन-दोन तास पेजमेकर उघडणाऱ्याचे महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. आणि एसएसडी वाया जात नाही. उद्या नवीन संगणक घेतला तर ती काढून त्यात लावता येते. डीडीआर३ रॅम मात्र नव्या संगणकात बसणार नाही, म्हणूनच तिच्यावर बेताने खर्च करावा.

टर्मिनलवरचे_आजोबा

'जुन्या संगणकाला झेपेल का' हे वाचून मौज वाटली. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केले, तेव्हा ज्या यंत्रांवर ते चालायचे त्यांची मेमरी मेगाबाइटांमध्ये मोजत, आणि त्याच मेमरीत अनेक जणांना प्रत्येकी 'स्वतःचा' संगणक मिळत असे. मी ऐंशीच्या दशकात अशाच एका टर्मिनलवर बसत असे. पडद्यावर हिरवी अक्षरे आणि आपण एकटेच या यंत्राचे धनी आहोत असा भ्रम. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने मोठा जॉब लावला की आपली अक्षरे उमटायला वेळ लागू लागे आणि भ्रम फिटत असे.

गंमत अशी, की ही कल्पना मेनफ्रेमवर इतकी जुनी असूनही घरगुती प्रोसेसरवर ती नीट बसत नव्हती. इंटेलच्या जुन्या रचनेतील काही आज्ञा अशा होत्या, की पाहुण्याने त्या दिल्या तरी यजमानाला पत्ता लागत नसे. त्या गुपचूप वेगळाच परिणाम करून जात. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये त्यावर सॉफ्टवेअरने तोड काढली आणि हार्डवेअरची दुरुस्ती कर्नलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे २००५ मध्ये आली. तेव्हा अक्षरजुळारी यांचा २०१२ चा संगणक या कामासाठी म्हातारा नाही. तो तर दुरुस्तीनंतर जन्मलेला आहे.

मिलपिटासकर

विंडोज १० न सोडता हे करता येते, हेही नोंदवतो. सामान्य ग्राहकांसाठी सुरक्षा-अद्ययावतनांची ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखेच असलेले व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी मोफत आहे. हायपर-व्ही, म्हणजे विंडोजचीच व्हर्च्युअल मशीनची सोय, मात्र होम आवृत्तीत मिळत नाही.

एक सूचना. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणार असाल, तर पाहुण्याच्या खिडकीच्या तळाशी उजवीकडे चिन्हांची ओळ असते, तिकडे लक्ष ठेवा. तेथे हिरवे कासव दिसले, तर समजावे की विंडोजने स्वतःच्या सुरक्षेसाठी हायपर-व्ही आधीच सुरू केले आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या पाठीवर बसून प्रवास करावा लागतो आहे. 'मेमरी इंटिग्रिटी' हा पर्याय चालू असला तरी असे होते. मी दोन आठवडे रॅमला, डिस्कला आणि नशिबाला दोष दिला आणि ते कासव मला शोभेचे वाटले होते.

रॅमराव

कासवाने एवढे प्रामाणिकपणे सांगितले आणि तुम्ही सशासारखे झोपलात.

सावित्री_सिस्टिमवाली

व्यवसायाने हेच काम करते, म्हणून माझी एक चूक येथे मांडते, इतरांची टळावी.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर माझे एक व्हर्च्युअल मशीन होते. कोणताही बदल करण्यापूर्वी मी स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेत असे आणि त्यालाच बॅकअप समजत असे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कची फाइल गोठते आणि पुढचे सगळे बदल एका नव्या फायलीत जातात. पुन्हा स्नॅपशॉट, पुन्हा नवी फाइल. अशी साखळी वाढत जाते आणि प्रत्येक कडी आधीच्या कडीवर टेकलेली असते. एका रात्री डिस्क भरली. फोल्डर उघडले, तर ११ जीबीची एक फाइल दिसली, जिच्यावरची तारीख दोन वर्षे जुनी होती. जुनी म्हणजे निरुपयोगी, असे समजून मी ती उडवली. ती मूळ फाइल होती. उरलेल्या सहा फायलींमध्ये फक्त फरक होते, पण कशापासूनचा फरक ते सांगणारे काहीच उरले नव्हते.

तेव्हा स्नॅपशॉट प्रोग्रामच्या आतूनच काढावा, फोल्डरमधून कधीही नाही. तो काढतानाही विलीनीकरणासाठी डिस्कवर मोकळी जागा लागते. बॅकअप म्हणजे मशीन पूर्ण बंद करून त्याचे अख्खे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवणे. अक्षरजुळारी काकांचे एक्सपी सगळे मिळून दहा-बारा जीबीचे होईल, म्हणजे एका साध्या पेनड्राइव्हमध्ये मावेल.

शिवाय सांगलीत वीज जात असणार. पाहुणा लिहीत असताना वीज गेली, तर यजमानाची फाइल-प्रणाली आणि पाहुण्याची फाइल-प्रणाली अशा दोन्ही अर्धवट राहू शकतात. यूपीएसची बॅटरी तेवढी तपासून घ्या.

अक्षरजुळारी

सर्वांचे आभार. वीज जाते आणि यूपीएस फक्त शिटी मारतो, बॅटरी बदलतो. पैपैचा_हिशेब, राग अजिबात नाही. मी भावनिक आहेच. पण नवीन संगणक घेतला तरी त्यावरही एक्सपीसाठी व्हर्च्युअल मशीनच लागणार ना? मग आधी जुन्यावर करून पाहावे, असा विचार आहे.

दोन शंका आहेत. लॉक पाहुण्याला दिसेल का? आणि पेंटियम ४ मधली ४० जीबीची हार्ड डिस्क जशीच्या तशी आत नेता येईल, की एक्सपी नव्याने टाकावे?

कोथरूडचा_कर्नल

लॉक दिसायला हवे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या सेटिंगमधील यूएसबीच्या पानावर जाऊन त्या लॉकचे नाव गाळणीत घाला, म्हणजे पाहुणा सुरू होताच लॉक त्याच्या ताब्यात जाईल. अशी लॉके मंदगती असल्याने यूएसबी १.१ पुरते. लिनक्समध्ये आपले खाते 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात घालून पुन्हा लॉगिन करायला विसरू नका. नाहीतर यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि माणूस लॉकला शिव्या घालतो. पॅरलल पोर्टवर लागणारे जुने लॉक असते तर प्रकरण अवघड होते.

डिस्क जशीच्या तशी नेता येते, पण एक खाच आहे. एक्सपी ज्या आयडीई (साटाच्या आधीची डिस्कची जोडणी) कंट्रोलरवर स्थापित झाले, तोच त्याला सुरू होताना हवा असतो. नव्या घरात कंट्रोलर वेगळा दिसला, की ते निळा पडदा दाखवून ७बी हा त्रुटी-क्रमांक सांगते आणि बसते. नव्या मशीनमध्ये डिस्क साटावर न लावता आयडीईवर लावावी, कारण एक्सपीला साटाचा एएचसीआय चालक (ड्रायव्हर) ठाऊकच नाही. मूळ सीडी आणि किल्ली हाताशी असेल, तर नव्याने टाकणे जास्त स्वच्छ.

नियमाने_चालणारा

परवान्याचा मुद्दा राहिला. संगणकाबरोबर आलेली ओईएम प्रत त्या संगणकाशी बांधलेली असते. ती दुसऱ्या यंत्रात, आभासी असले तरी, नेता येत नाही. सुटी विकत घेतलेली प्रत नेता येते, मात्र जुन्या यंत्रावरून ती काढावी लागते.

अक्षरजुळारी

सुटीच प्रत आहे. बिलही आहे. अक्षरजुळणीवाल्याकडे कागद नसेल तर कोणाकडे असेल?

वाइनप्रेमी_पण_सात्त्विक

व्हर्च्युअल मशीनच कशाला? लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्समध्ये चालवणारे सॉफ्टवेअर) वापरून पेजमेकर थेट चालवून पाहावे. मेमरी वाचेल आणि एक्सपीचा परवानाही लागणार नाही.

कोथरूडचा_कर्नल

पेजमेकर कदाचित चालेल, पण लॉक अडेल. लॉकचा चालक विंडोजच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) जाऊन बसणारा असतो आणि वाइनमध्ये विंडोजचा कर्नलच नसतो. लॉक नसते तर मीही हाच सल्ला दिला असता.

डिप्लोमा_दुसरे_वर्ष

काकांच्या धाग्यात घुसखोरीबद्दल क्षमस्व. माझ्याकडे तिसऱ्या पिढीचा आय५ लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी. नेटवर्किंगच्या सरावासाठी एकाच वेळी तीन लिनक्स मशीन हवी आहेत. प्रत्येकाला २ जीबी देऊन पाहिले, तर सगळेच गोठते.

सावित्री_सिस्टिमवाली

त्या तिन्हींमध्ये डेस्कटॉप टाकला आहेस का? सरावाच्या सर्व्हरला खिडक्या आणि भिंतचित्र लागत नाही. डेबियनची नुसत्या आज्ञापटलाची स्थापना ५१२ एमबीत आरामात राहते, अल्पाइन तर त्याच्याही निम्म्यात. एक मशीन नीट तयार कर आणि बाकीची दोन त्याची 'लिंक्ड क्लोन' काढ, म्हणजे डिस्कवर मूळ प्रत एकच राहील. (मूळ प्रत कोणती, हे कागदावर लिहून ठेव. वर वाच.) मग एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) तिन्हींत शिरायचे, खिडकी उघडायचीच नाही.

डिप्लोमा_दुसरे_वर्ष

ताई, तिन्हींमध्ये डेस्कटॉप होता. तिन्हींमध्ये भिंतचित्रही बदललेले होते.

देवनागरी_दुरुस्तीकार

अक्षरजुळारी, तुमचा मूळ प्रश्न यंत्राचा असला तरी मला त्यामागचा प्रश्न वेगळा दिसतो. तुम्हाला पेजमेकर चालवायचे आहे, की त्या अंकांतला मजकूर वाचवायचा आहे?

जुन्या टंकांमध्ये देवनागरी अक्षर संगणकाला ठाऊकच नव्हते. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर अक्षरांचे तुकडे बसवलेले असत: एका किल्लीवर अर्धा क, एकीवर काना, एकीवर रफार. टंक काढून घेतला, की पानभर रोमन खडी उरते. शिवाय तुकडे दिसण्याच्या क्रमाने साठवलेले असत, उच्चाराच्या नाही. 'किल्ला' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. रफार उलट अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात) आणताना हा क्रम पुन्हा उलटवावा लागतो, आणि परिवर्तक (हे रूपांतर करणारे प्रोग्राम) नेमके येथेच घसरतात.

म्हणून व्हर्च्युअल मशीन झाले की त्यात दोन कामे करा. प्रत्येक अंक पोस्टस्क्रिप्ट छपाईयंत्राच्या नावे फायलीत छापून तिची पीडीएफ करा, म्हणजे मांडणी जशीच्या तशी टिकेल. आणि मजकूर वेगळा काढून युनिकोडमध्ये आणा. पहिल्यात शोध घेता येत नाही, दुसऱ्यात पान दिसत नाही, दोन्ही हवेत. ते झाले, की मग एक्सपी उघडले काय आणि नाही उघडले काय.

पैपैचा_हिशेब

हे पटले. खर्च कायमचा आहे की एकदाच्या कामासाठी, हे आधी ठरले तर माझा वरचा प्रतिसाद मी मागे घेतो. एका कामासाठी जुना संगणक पुरे आहे.

म्हापशेकर

एक्सपीला इंटरनेट मात्र देऊ नये. एप्रिल २०१४ नंतर त्याला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत. मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची केबल काढलेली ठेवावी. हे एका खुणेवर होते. फायलींची ने-आण सामायिक फोल्डरने करावी, आणि तोही केवळ त्या कामापुरता नेमलेला असावा. अख्खे होम फोल्डर पाहुण्याला दाखवू नये.

मिलपिटासकर

आणि लिनक्सचा नवा कर्नल आला की एके दिवशी व्हर्च्युअलबॉक्स सांगेल, व्हीटी-एक्स दुसऱ्याच हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ताब्यात आहे. कर्नल ६.१२ पासून लिनक्समधील केव्हीएम हे त्याच कामाचे मॉड्यूल लोड होताक्षणीच त्यावर हक्क सांगते. 'केव्हीएम_इंटेल' हे मॉड्यूल उतरवले, की मार्ग मोकळा होतो. घाबरून सगळे पुन्हा स्थापित करू नका.

अक्षरजुळारी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. उशिराबद्दल दिलगीर आहे, पण हात रिकामे नव्हते.

२४० जीबीची एसएसडी घेतली. रॅम घेताना फसलो: ८ जीबीची स्वस्त पट्टी मागवली, ती लावल्यावर संगणक सुरूच होईना. नुसते पंखे फिरत होते. नंतर वर्णनात खाली बारीक अक्षरांत सापडले, की ती पट्टी फक्त एएमडीच्या बोर्डांसाठी आहे. जन्मभर मुद्रितशोधन केलेल्या माणसाने बारीक अक्षरे वाचू नयेत, याला काय म्हणावे! ती परत करून स्थानिक दुकानातून ४ जीबीची जुनी पट्टी घेतली. आता एकूण ८ जीबी आहे.

मिंट टाकले. व्हर्च्युअलबॉक्सने पहिल्याच दिवशी व्हीटी-एक्स बंद असल्याचे सांगितले. बायोसमध्ये तो पर्याय सापडला, चालू केला, तरीही तेच. भाच्याने फोनवर सांगितले, की भिंतीवरचे बटणच बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. तसे केल्यावर चालले. नुसते रीस्टार्ट पुरत नव्हते.

आधी जुनी डिस्क कन्व्हर्टरने जोडून तिची प्रतिमा घेतली आणि ती आत चढवली. कर्नलसाहेबांनी सांगितलेला निळा पडदा ७बीसकट हजर झाला. मग सीडीवरून नव्याने एक्सपी टाकले. पेंटियमवर याच स्थापनेला सबंध दुपार जाई. येथे चहा गार होण्याच्या आत हिरवी टेकडी आणि निळे आकाश पडद्यावर आले. ७६८ एमबी रॅम, एक कोअर, नेटवर्कची केबल काढलेली.

लॉक खोचले. पहिल्यांदा काहीच झाले नाही. 'व्हीबॉक्सयूजर्स' विसरलो होतो. पुन्हा लॉगिन केल्यावर लॉकमधला बारीक लाल दिवा लागला आणि टंकांचे सॉफ्टवेअर उघडले. २००४ च्या अंकाचे पहिले पान समोर आले. संपादकीयातच एक चूक दिसली: 'दिवाळी'ची दुसरी वेलांटी पहिली पडली होती. एकवीस वर्षे ती तशीच छापलेली आहे.

आतापर्यंत पंधरापैकी सहा अंकांच्या पीडीएफ झाल्या आहेत. मजकुराच्या परिवर्तनात रफार अजून चुकतो आहे. 'कार्य'चे 'कायर्' होते. देवनागरी_दुरुस्तीकार, यावर काही उपाय आहे का?

देवनागरी_दुरुस्तीकार

आहे. परिवर्तक रफाराचा तुकडा जेथे सापडला तेथेच 'र' आणि हलन्त ठेवतो आहे. तो तुकडा काना, मात्रा ओलांडून अख्ख्या अक्षराच्या आधी न्यावा लागतो. जोडाक्षर असेल तर ते पूर्ण ओलांडून. शोधा-आणि-बदला मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन वापरून हे एका फटक्यात होते. चुकलेल्या मजकुराचे एक पान येथे टाका, मी नमुना लिहून देतो.

पैपैचा_हिशेब

एकूण खर्च किती आला, ते कृपया सांगावे. माझाही २०११ चा एक डबा माळ्यावर आहे.

अक्षरजुळारी

बिले शोधून उद्या लिहितो. माळ्यावरून उतरवल्यावर आधी कॅबिनेट उघडा आणि कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का, ते पाहा.

रॅमराव

आणि पट्टी घेताना बारीक अक्षरे वाचा.